प्रत्येक लाल डोळ्यावर एकच औषध नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला आहे. पश्चिम विदर्भात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली आहे, थोड्याच दिवसांत शेतोशेती हडंबे (मळणीयंत्रे) लागतील, त्यामागोमाग कापसाची वेचणी येईल आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची कापणी व मळणी चालू होईल. डोळ्यात कुसळ गेले, कुटार (भुसा) उडाले, तुरीचा खुंट लागला, पऱ्हाटीची म्हणजे कापसाच्या झाडाची काडी बसली, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या या हंगामात दरवर्षी वाढते. त्यांतील बहुतेक जण आधी गावातल्या मेडिकलवर जातात, तेथून एक थेंबांची बाटली घेतात आणि कामाला लागतात. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत आठवडा उलटलेला असतो. काहींच्या बाबतीत तो आठवडाच डोळ्याचे भवितव्य ठरवून गेलेला असतो.

मी यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांत अनेक वर्षे नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. आमचे पद नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांचे नसते. दृष्टी तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्याचा दाब पाहणे आणि कोणत्या रुग्णाला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवायचे हे ओळखणे, एवढे आमचे काम. हे पत्र त्या शेवटच्या कामाविषयी आहे, कारण ती ओळख प्रत्येक घरात पोहोचावी असे मला मनापासून वाटते. डोळा लाल होणे, दुखणे, त्यातून पाणी येणे, अंधुक दिसणे ही सगळी लक्षणे आहेत. त्यांच्यामागे आपोआप बरी होणारी साथ असू शकते, तसाच काही दिवसांत दृष्टी नेणारा व्रणही असू शकतो, आणि नुसत्या लालीवरून त्यांतला फरक घरच्या माणसाला किंवा औषध दुकानदाराला कळत नाही.

तरीही फरक ओळखण्याचे काही साधे प्रश्न आहेत. डोळा नुसता चुरचुरतो आहे की खरोखर दुखतो आहे? उजेड सहन होतो का? दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवून पाहिले असता दिसणे कमी झाले आहे का? डोळ्याला काही लागले होते का, आत काही उडाले होते का? लाली एकाच डोळ्याला आहे की दोन्ही? बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो का? वेदना, उजेडाचा त्रास, कमी झालेली दृष्टी, इजा किंवा पांढरा ठिपका यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर मेडिकलवरचे औषध न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यापुढचा मजकूर म्हणजे याच प्रश्नांचा खुलासा आहे.

साथीने डोळे येतात तेव्हा बहुधा ते विषाणूमुळे येतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर अशी मोठी साथ आली होती आणि बुलढाणा जिल्ह्यात तिचा जोर विशेष होता, हे वाचकांना आठवत असेल. अशा वेळी आधी एक डोळा आणि मग दुसरा लाल होतो, वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात. परंतु चिपडे पुसून टाकली की दिसायला पूर्वीसारखेच दिसते. हा आजार एक-दोन आठवड्यांत बहुतेकांचा आपोआप ओसरतो. प्रतिजैविकांचे थेंब विषाणूवर काम करीत नाहीत. स्वच्छ पाण्यात उकळून गार केलेल्या कापसाने पापण्या पुसणे, हात वारंवार साबणाने धुणे, टॉवेल व उशी वेगळी ठेवणे आणि मुलाला काही दिवस शाळेत न पाठवणे, हे खरे उपाय आहेत. रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहिल्याने साथ लागत नाही, ती हातांनी आणि वस्त्रांनी लागते. मात्र साथ चालू असतानाही एखाद्याच्या लाल डोळ्यामागे वेगळेच कारण असू शकते, आणि ते दुर्लक्षिले जाण्याचा धोका साथीच्या काळातच अधिक असतो.

आता ज्या आजारासाठी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे त्याविषयी. बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते, त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. शेतातले पाते, कुसळ, धानाची लोंबी किंवा काडी लागून त्यावर बारीकसा ओरखडा उठला, तर तो स्वच्छ राहिल्यास एक-दोन दिवसांत भरूनही येतो. पण शेतीतल्या काडीकचऱ्यावर बुरशी असते. ती ओरखड्यातून आत रुजली की पारपटलावर व्रण होतो. जिवाणूंमुळेही असे व्रण होतात, पण आपल्यासारख्या उष्ण, शेतीप्रधान भागात बुरशीचे प्रमाण मोठे आहे. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशा त्यात नेहमी सापडतात. बुरशीचा व्रण सावकाश वाढतो. लागले त्या दिवशी फारसे काही वाटत नाही, काही दिवसांनी टोचणी सुरू होते, मग बुबुळावर करडा-पांढरा ठिपका दिसू लागतो. दुखणे मात्र पुष्कळदा आतल्या नुकसानीच्या मानाने कमी असते, म्हणूनच शेतकरी "सोंगणी आटोपली की दाखवू" असे म्हणतो.

याच टप्प्यावर स्टेरॉइड मिसळलेले थेंब घात करतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतली नेहमीची नावे. बाटलीवर एखाद्या प्रतिजैविकाच्या नावाला जोडून ती छापलेली असतात. स्टेरॉइडने सूज दबते, लाली उतरते आणि दोन दिवस डोळा बरा वाटतो. आत मात्र शरीराची लढण्याची ताकद कमी झाल्यामुळे बुरशी बिनविरोध खोल जाते. रुग्ण पुन्हा तीच बाटली आणतो, कारण पहिल्या बाटलीने आराम पडला होता. पारपटलाला भोक पडल्यावर किंवा डोळ्यात पू झाल्यावर तो आमच्यापुढे येतो, तेव्हा करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. व्रण बरा झाला तरी त्या जागी पांढरा डाग राहतो, त्यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडले असे म्हणतात. हे फूल अगदी मधोमध असेल तर दृष्टी परत आणण्यासाठी बहुधा पारपटल बदलावे लागते. त्यासाठी कोणीतरी मरणोत्तर नेत्रदान केलेले असले पाहिजे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू आढळले, पण ५० वर्षांच्या आतील लोकांमध्ये पहिला क्रमांक पारपटलाच्या अपारदर्शकतेचा होता. म्हणजे हा आजार कमावत्या माणसांचे डोळे नेतो.

बुरशीच्या व्रणावर चांगले औषध आहे आणि ते महागही नाही. नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाने आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अधिक महाग अशा व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा नॅटामायसिन सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमवर. परंतु व्रण बुरशीचा आहे की जिवाणूंचा हे आधी समजले पाहिजे. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ व्रणाच्या कडेचा किंचित अंश खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर तिचे तंतू दिसतात. मलेरियाच्या रक्तपट्ट्या आणि क्षयरोगाची थुंकी तपासण्यासाठी जो सूक्ष्मदर्शक व जो प्रयोगशाळा तंत्रज्ञ ग्रामीण रुग्णालयात असतो, त्यांच्याकडून ही तपासणी होऊ शकते. गरज आहे ती नमुना घेणाऱ्या नेत्रतज्ज्ञाची आणि थोड्या सरावाची.

डोळ्यात काही गेल्यावर घरोघरी जे केले जाते, त्याबद्दल कठोर लिहावेसे वाटत नाही, कारण ते सगळे मायेपोटी केले जाते. पण बाळंतिणीचे दूध, मध, तुपाचे बोट, कांद्याचा किंवा पाल्याचा रस डोळ्यात घातल्याने जंतूंना आयती वाट मिळते. जिभेने खडा काढण्याची पद्धत तर अनेक गावांत अजून आहे. तोंडातले जंतू ओरखड्यावर गेले तर व्रण व्हायला वेळ लागत नाही. पदराच्या टोकाने किंवा काडीने टोकरणेही तितकेच वाईट. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, आणि पाण्याने कण निघाला नाही किंवा दुसऱ्या दिवशी टोचणी राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. हडंब्याच्या तोंडाशी पेंढ्या लावणाऱ्याने, कुटार भरणाऱ्याने आणि पऱ्हाटी उपटणाऱ्याने साधा, बाजूने बंद असलेला पारदर्शक चष्मा घातला तर यातले कितीतरी प्रसंग टळतील. मजूर स्वतःच्या पैशाने तो घेणार नाहीत. शेतमालकाने हडंब्याच्या भाड्याबरोबर दोन चष्म्यांचा खर्च धरावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

इजांविषयी आणखी एक गोष्ट विदर्भात तरी सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे घरोघरी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण आहे, आणि खर्र्यासाठी चुना आहे. चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलांच्या हाती लागते, ते ती दाबतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा तीव्र अल्कली आहे. आम्लापेक्षा अल्कलीची इजा खोल जाते, कारण ती ऊतींना विरघळवीत आत शिरते. अशा वेळी दवाखान्याकडे धावण्याआधी, आहे त्या जागी, हातपंपाच्या किंवा माठातल्या स्वच्छ पाण्याने डोळा किमान १५ ते ३० मिनिटे सतत धुवावा. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, वरची पापणी उचलून तिच्याखाली अडकलेले चुन्याचे कणही पाण्याने घालवावेत. मूल रडेल, ओरडेल, तरी धुणे थांबवू नये. त्यानंतर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. पहिल्या काही मिनिटांतले हे पाणी नंतरच्या कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

कीटकनाशक डोळ्यात उडाले तर हाच उपाय. पण फवारणी करणाऱ्याला डोळ्यात थेट काही न जाता अंधुक दिसू लागले, पाणी व लाळ वाहू लागली, घाम सुटला, मळमळ झाली आणि डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या, तर तो डोळ्यांचा आजार नसून विषबाधा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे असा परिणाम करतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे जे मृत्यू झाले, ते आपण विसरू शकत नाही. अशा रुग्णाचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, फवारलेल्या औषधाचा डबा बरोबर घेऊन त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

लाल डोळ्याचा आणखी एक प्रकार असा आहे की तो डोळ्याचा वाटतच नाही. पन्नाशीच्या पुढची बाई सायंकाळी अचानक डोके धरून बसते, एका बाजूचे कपाळ फुटेल असे म्हणते, उलट्या होतात. घरचे पित्त समजतात, गावातले डॉक्टर पित्ताची सुई देतात, रात्र निघते. पण त्या बाजूचा डोळा लाल असतो, दिव्याभोवती तिला रंगीत कडी दिसत असतात, दृष्टी धुरकट झालेली असते आणि बंद पापणीवरून हलकेच चाचपले तर तो डोळा दुसऱ्यापेक्षा कडक लागतो. हा काचबिंदूचा तीव्र झटका. डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याचा कोन बंद झाल्यामुळे दाब एकाएकी चढतो आणि काही तासांपासून काही दिवसांत दृष्टीची नस कायमची निकामी होऊ शकते. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. वेळेत थेंब, गोळ्या आणि मग लेझर उपचार मिळाले तर दृष्टी वाचते. डोकेदुखी व उलट्यांच्या प्रत्येक रुग्णाचे डोळे एकदा बॅटरीच्या उजेडात पाहावेत, अशी माझी आपल्या भागातील सर्व डॉक्टर मंडळींना नम्र सूचना आहे.

डोळा पांढरा स्वच्छ आहे, दुखत नाही, फक्त दिसणे हळूहळू मंदावते आहे, अशी तक्रार उतारवयात येते. चाळिशीनंतर जवळचे अक्षर दिसेनासे होणे हे वयाचे आहे आणि चष्म्याने भागते. त्यापुढे सर्वांत नेहमीचे कारण मोतीबिंदू, आणि त्यावर शस्त्रक्रियेखेरीज औषध नाही; थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. "मोतीबिंदू अजून पिकला नाही" म्हणून थांबण्याचा काळ मागे पडला. आता दैनंदिन कामाला अडचण होऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकू दिलेला मोतीबिंदू डोळ्यातच फुटून दाब वाढवू शकतो. शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा आलेली दृष्टी पुन्हा गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी त्या रुग्णालयात परत जावे, कारण आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

मंदावणाऱ्या प्रत्येक दृष्टीला मोतीबिंदू समजणेही चुकीचे ठरते. काचबिंदूचा दुसरा, सावकाश वाढणारा प्रकार आधी कडेची दृष्टी खातो. माणूस समोरचे नीट पाहतो, पण बाजूने येणारा बैल त्याला दिसत नाही, उंबऱ्याला ठेच लागते. गेलेली दृष्टी यात परत येत नाही, उरलेली राखता येते. म्हणून चाळिशीचा चष्मा काढताना डोळ्याचा दाब आणि आतील नस तपासून घ्यावी, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी व मुलांनी अवश्य तपासावे. मधुमेहात तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) इजा होऊ लागते तेव्हा रुग्णाला काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. साखर कळली त्या वर्षापासून दरवर्षी एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासला पाहिजे.

काही लक्षणे अचानक येतात, त्यांत दुखत काहीच नाही आणि म्हणून लोक घरी थांबतात. डोळ्यापुढे एखाद-दुसरा काळा ठिपका तरंगणे वयाप्रमाणे होते. पण एकाएकी ठिपक्यांचा पाऊस पडू लागला, अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसू लागले किंवा एका बाजूने काळा पडदा चढत आला, तर डोळ्यातील पडदा फाटला किंवा सुटला असण्याची शक्यता असते. त्यावर शस्त्रक्रिया होते, परंतु मधली दृष्टी शाबूत असताना पोहोचले तरच चांगले फळ मिळते. एका डोळ्याची दृष्टी काही क्षणांत पूर्ण गेली तर पडद्याला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने बंद झाली असू शकते. हा लकव्याच्याच जातीचा प्रसंग आहे, इथे हिशेब तासांचा असतो आणि त्या रुग्णाला पुढे खरोखर लकवा होण्याचाही धोका असतो. १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे.

मुलांविषयी मला थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण मूल तक्रार करीत नाही. उन्हाळा लागला की पाच ते पंधरा वर्षांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, डोळ्यांना असह्य खाज सुटते, ते मुठीने डोळे चोळतात, दोरीसारखा चिकट स्राव येतो, डोळ्याचा पांढरा भाग मळकट तांबूस होतो. ही अ‍ॅलर्जी आहे. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात आणि फुफाट्यात ती बळावते आणि वयात आल्यावर बहुधा कमी होते. स्टेरॉइडच्या थेंबांनी या मुलांना तासाभरात आराम पडतो, म्हणून पालक वर्षानुवर्षे मेडिकलवरून तीच बाटली नेतात. त्याचा परिणाम म्हणून शाळकरी वयात काचबिंदू आणि मोतीबिंदू झालेली मुले मी पाहिली आहेत. ते मूल कधी तक्रार करीत नाही, फळ्यावरचे दिसेनासे होईपर्यंत घरात कोणाला काही कळत नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या, टोपी, चष्मा आणि डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅलर्जीचे थेंब यांवर बहुतेक मुले ठीक राहतात. स्टेरॉइड लागलेच तर ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस आणि डोळ्याचा दाब मोजत. सतत चोळल्याने पारपटल पुढे सुळक्यासारखे येते आणि नंबर झपाट्याने बदलतो, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर एक दिवसही थांबू नये. तो जन्मजात मोतीबिंदू असेल किंवा डोळ्यातील कर्करोग असेल. कर्करोगात उशीर झाला तर जिवावर बेतते. तिरळेपणाला शुभ मानून सोडून देऊ नये, कारण तिरळा डोळा मेंदू वापरेनासा होतो आणि वयाच्या साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तरच त्याची दृष्टी चांगली सुधारते. संध्याकाळी मूल चाचपडू लागले तर अ जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे एकूण ९ डोस शासनाकडून मोफत मिळतात. मेळघाटासारख्या भागात आशाताई आणि अंगणवाडीताई ते काम नेटाने करीत आहेत; घरच्यांनी डोस चुकवू देऊ नयेत.

आपल्या भागाशी निगडित असूनही ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही असा एक विषय म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाट या पट्ट्यात हा आजार बराच आहे, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्याही बंद करतात, तिथे नाजूक नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. दुखण्याच्या तक्रारींत डोळे मागे राहतात, म्हणून सिकलसेलच्या रुग्णांचा पडदा ठरावीक काळाने तपासला जावा. नुसता वाहक असलेल्या, एरवी धडधाकट मुलाच्या डोळ्यालाही चेंडू किंवा विटी लागून आत रक्त साकळले, तर दाब चढून नस लवकर खराब होऊ शकते. अशा वेळी सिकलसेल तपासणीनंतर मिळालेले रंगीत कार्ड डॉक्टरांना आवर्जून दाखवावे, कारण दाबाची काही नेहमीची औषधेही त्यांना जपून द्यावी लागतात.

बाकीच्या कित्येक तक्रारी किरकोळ असतात. पापणी फडफडणे बहुधा जागरण किंवा थकव्याने होते. रांजणवाडी गरम शेकाने बसते. डोळ्याच्या पांढऱ्यावर रक्ताचा लाल डाग एकाएकी दिसला, पण दुखत नाही आणि दिसते नीट, तर तो दोन आठवड्यांत जातो. रक्तदाब मात्र तपासावा. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारे मांस ऊन-धुळीमुळे वाढते, ते मधोमध पोहोचण्याआधी दाखवावे. एकाच डोळ्यातून महिनोन्‌महिने पाणी वाहत असेल तर अश्रूंची नळी बंद असू शकते.

शासनाकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात नॅटामायसिनचे थेंब आणि पारपटलावरील ओरखडा हिरवा दाखवणाऱ्या फ्लुओरेसिनच्या पट्ट्या शिल्लक असाव्यात, व्रण खरवडून तपासण्याची सोय निदान उपजिल्हा स्तरावर असावी. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरावीत. अन्न व औषध प्रशासनाने स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीशिवाय विकले जाऊ नयेत, यावर खरोखर लक्ष ठेवावे. बाटलीवर तशी सूचना छापलेलीच असते. खुपऱ्या (ट्रॅकोमा) या डोळ्यांच्या जुन्या रोगाचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून अंत झाल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी केली. आशाताईंपासून तज्ज्ञांपर्यंत सर्वांनी वर्षानुवर्षे लावून धरले म्हणून ते झाले, आणि शेतातल्या इजेने जाणारे डोळेही तसेच वाचवता येतील याबद्दल मला शंका नाही.

संपादक महोदय, आपणाकडेही एक मागणे आहे. सर्वच ग्रामीण रुग्णालयांत नेत्रतज्ज्ञ रोज नसतात. कुठे ते आठवड्यातून एकदा येतात, कुठे ठरावीक तारखेला. ते वार गावोगावच्या लोकांना माहीत नसतात, म्हणून दुखरा डोळा घेऊन साठ किलोमीटरवर आलेला माणूस बंद दार पाहून परततो आणि पुन्हा मेडिकलवर जातो. आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा तालुकावार असे वेळापत्रक छापता आले, आणि तज्ज्ञ नसलेल्या दिवशी तातडीच्या रुग्णाने कोणत्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जावे हे त्याखाली दिले, तर फार मोठे काम होईल. माहिती गोळा करून ती दर आठवड्याला ताजी करून देण्याची जबाबदारी मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य घेण्यास तयार आहोत. सोंगणीचा जोर येण्याआधी पहिले वेळापत्रक छापून यावे, अशी विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी,
जिल्हा यवतमाळ